कडीवरचा दोरा

३ ऑगस्ट

भाऊजी,

गळाची काठी आजच पार्सलने निघाली. मिळाली की तुमच्या दादांना फोन करू नका, पत्रच लिहा. फोन यांच्या हातात ठरत नाही आणि स्पीकरवर ठेवला की मी ऐकतेय म्हणून हे धड बोलत नाहीत. मला काही लिहायचं असेल तर ते समोरच्या शिवणवाल्या बाईंच्या पत्त्यावर लिहा. का ते पुढे कळेल.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्याकडे पोचलेल्या शेवटच्या चार काठ्या यांनी बांधलेल्याच नाहीत. मी बांधल्यात.

तुम्हाला हे काम ठाऊक आहे. कोऱ्या नळीवर गळाचा दोर ओवायला ओळीने कड्या बसवायच्या, प्रत्येक कडीला पुढे-मागे दोन पाय, आणि प्रत्येक पायावर बारीक दोरा, वेढ्याला वेढा चिकटून. एक वेढा दुसऱ्यावर चढला की केलेलं सगळं वाया. यांचा जन्म लेथवर गेला, केसाचा फरक डोळ्याला दिसायचा. आता हात असा थरथरतो की दोऱ्याचा नुसता गुंता होतो. तरी रोज सकाळी स्टुलावर बसतात, मान वाकडी करून गुंडाळतात, आणि जेवून आडवे होतात. हे आडवे झाले की मी ब्लेड घेते. यांचं काम कापून टाकते, नव्याने गुंडाळते आणि वरून इपॉक्सीच्या लुकणाचा हात फिरवते. तो वास यांच्या छातीला वाईट असं डॉक्टर म्हणाले, अशी थाप मीच ठोकून दिलीय, म्हणजे निदान तेवढं काम तरी उघडपणे माझ्याकडे राहतं.

मग हे चहाला उठतात. लेप ओघळू नये म्हणून काठी मोटरवर संथ फिरत असते. मोटर कसली, बिघडलेल्या मायक्रोवेव्हमधली ताटली फिरवायची! तीसुद्धा यांनीच काढून बसवली, हात चांगला होता तेव्हा. भिंग लावून कडी न् कडी बघतात आणि म्हणतात, "बघ, गेलेला नाही अजून माझा हात." मी म्हणते, "हो तर."

सुरुवात मीच केली, हेही कबूल. हात गुंतवून ठेवा असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मीच तुम्हाला कळवलं होतं की एखादी काठी मागवा. तुम्ही भले माणूस, मागवतच राहिलात. आता माझी मान धरते, डोळ्यांपुढे दोरे नाचतात. उभा जन्म वॉर्डात रात्रपाळ्या केल्या, कधी कुरकुरले नाही, पण आता दमले हो. तेव्हा तुम्हीच लिहा, "दादा, काठ्या पुरे झाल्या." मी म्हटलं तर हिला माझा हात संपलेला दिसतो असा अर्थ होईल. तुम्ही म्हटलंत तर नुसत्या काठ्या संपतील.

एवढं कराच.

वहिनी


७ ऑगस्ट

बारक्या,

अक्षराला हसू नकोस. पेनाने कागद फाटतो म्हणून पेन्सिलने लिहितोय, तेही हप्त्याहप्त्याने, तुझी वहिनी भाजीला गेली की. पत्र पेपरवाल्याच्या हाती टपालात टाकतोय. तिला कळता कामा नये.

तुझ्या काठीच्या कड्या नीट बघ. शेंड्याकडचा पाय घे, दोरा नळीवर सुरू होतो आणि पायावर चढतो. तसंच पाहिजे, चढताना दोरा आवळला जातो. आता मुठीकडचा पाय बघ. तिथे दोरा कडीपाशी सुरू होतो आणि पायावरून खाली उतरतो. उतारावर दोरा घसरतो आणि पायाच्या टोकाशी केसाएवढी फट राहते. मी आयुष्यात असं बांधलेलं नाही. हे कुणाचं काम? नर्सचं! बँडेज बारीककडून जाडीकडे बांधायचं, बोटांकडून खांद्याकडे. तुझ्या वहिनीने काठीच्या प्रत्येक कडीला पट्टी बांधलीय. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. बोललो नाही.

का ते ऐक. रिटायर झाल्यावर ही दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायची. सगळा वॉर्ड गेला आणि एकच पेशंट उरला, मी, तोही कधी बरा न होणारा. आता दुपारी मी डोळे मिटून पडतो आणि ऐकत राहतो. ब्लेड उघडतं, स्टूल सरकतं, मग ही हळू आवाजात गुणगुणते. लग्न झाल्यापासून मी हिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं रे.

माझं म्हणशील तर मला मनापासून कंटाळा आलाय. पाठ भरून येते. जे नंतर कापलंच जाणार ते गुंडाळत बसायचं म्हणजे छळ आहे. पण मी बिघडवलं नाही तर ती दुरुस्त काय करणार? तेव्हा आणखी एक काठी मागव. मोठी मागव, पुष्कळ कड्यांची.

दादा


१५ ऑगस्ट

दादा,

काठी मिळाली. काय वजन साधलंयस! रविवारी तळ्यावर गेलो. बराच वेळ काही नाही, मग असा हिसका बसला की टोपीच उडाली. हातभर मासा. काठी वाकली पण कुरकुरली नाही. काठावरची मंडळी विचारत होती, कुठून घेतली म्हणून. मी म्हटलं, विकत मिळत नसते, त्याला भाऊ असावा लागतो.

आता समुद्रावरची लांब काठी हवी. जमेल तेव्हा कर, घाई नाही.

तुझा बारक्या


१५ ऑगस्ट

वहिनी,

शिवणवाल्या बाईंना माझे आभार सांगा.

तुम्ही सांगितलं तसं लिहायला बसलो. "दादा, पुरे झाल्या" असं लिहिलंही. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं, आणि टाकलं मात्र नाही. का टाकलं नाही ते विचारू नका. विचारलंत तर मला खोटं बोलावं लागेल, आणि हल्ली त्याचा कोटा भरत आलाय.

दादाकडे आणखी एक काठी मागितलीय. आधीच सांगतो, लांब आहे. शिव्या द्या, पण पत्रातून द्या. ही शेवटची, असं मी स्वतःला तरी सांगितलंय. तुम्ही दुपारी जरा पडत जा. एखादी कडी वाकडी राहिली तर माझं काही अडत नाही, खरंच सांगतो.

तुमचा दीर


२ सप्टेंबर

भाऊजी,

लांब म्हणजे किती लांब ते तरी कळवायचं होतंत! काठीचं बूड स्वयंपाकघरात, शेंडा दाराबाहेर जिन्यात. वरच्या मजल्यावरचे मास्तर रोज त्याला नमस्कार करून वाकून जातात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली तुमची गत. मी मागितलं काय, तुम्ही दिलंत काय!

विचारू नका म्हणालात म्हणून कारण विचारत नाही. पण ऐकून ठेवा. परवा दुपारी कापता कापता डोळा लागला आणि ब्लेड अंगठ्यात गेलं. टाका पडण्याइतकं नाही, पण चांगलं गेलं. यांना सांगितलं, विळीवर कापलं. हे म्हणाले, "सांभाळून करत जा गं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा स्टुलावर हजर, पुन्हा तो गुंता.

काम झेपतं हो मला. संध्याकाळचं कौतुक झेपत नाही. भिंग लावून हे बघतात, मान डोलावतात, आणि मी शेजारी उभी राहून "वा" म्हणते. यांच्या तोंडावर, रोज. वॉर्डात पेशंटला खोटं सांगायची वेळ यायची, पण ड्यूटी संपली की ते तिथेच राहायचं. इथे ड्यूटी संपत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा. माझ्यात आता राम उरलेला नाही. तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

वहिनी


१० सप्टेंबर

बारक्या,

थोडक्यात लिहितो. पडलो. ही औषधं आणायला गेली होती. मी स्टुलावर, दोऱ्याचं टोक काही केल्या सापडेना, वाकलो आणि स्टुलासकट आडवा. टेबलाचा पाय धरून उठायला इतका वेळ लागला की ही येते की काय म्हणून घाम फुटला. कंबरेच्या बाजूला काळंनिळं झालंय. अंघोळीला आतून कडी लावतो, म्हणजे तिला दिसत नाही. तू तोंड उघडलंस तर याद राख.

आता रोज सकाळी ते स्टूल दिसलं की वाटतं, आज नको. पण मध्यंतरी हिचं बोट कापलं. विळीवर म्हणाली. विळीने असं कापत नाही, ब्लेडनेच कापतं. एवढं लागूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. इतका जीव जडलाय तिचा त्या कामावर. तो मी कसा तोडू, सांग.

ही काठी कशीबशी होईल. पुढची जरा आखूड मागव.

दादा


१८ सप्टेंबर

दादा आणि वहिनी,

हे पत्र मुद्दाम तुमच्याच पत्त्यावर, दोघांच्या नावाने पाठवतोय. वहिनी, तुम्ही मोठ्याने वाचा. दादा, तू मध्येच उठू नकोस.

पहिलं माझं. मी गळ टाकत नाही. गेली कित्येक वर्षं नाही. तळ्याच्या पायऱ्या माझ्या गुडघ्याला उतरवत नाहीत आणि उतरल्या तर चढवत नाहीत. हातभर मासा मी शेजारणीच्या पिशवीत पाहिला होता. टोपी उडाली ती पंख्याने. तुझ्या सगळ्या काठ्या कपाटावर पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये आहेत, अर्ध्या मी उघडल्याही नाहीत. आता त्या खाली पडतील म्हणून मी कपाटाचं दार जपून उघडतो. मी मागवत राहिलो, कारण मला वाटलं काठी मागवणं बंद केलं तर दादा संपेल. एवढाच माझा हिशोब होता.

दुसरं. दादा, वहिनी तुझे दोरे कापते ते हौसेने कापत नाही. ती दमलीय. मला पत्र लिहून तिने हात जोडले, की हे थांबवा. अंगठा कामाच्या आवडीने कापला नाही, झोपेने कापला.

तिसरं. वहिनी, दादाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बँडेजसारखं बांधता तुम्ही, बारीककडून जाडीकडे. त्याला वाटलं तुमचा जीव त्यात रमलाय, म्हणून तो रोज सकाळी तुमच्यासाठी बिघडवायला बसतो. आणि तो पडलाय. स्टुलावरून. कंबर बघा त्याची.

तुम्ही दोघांनी मला वेगवेगळं गुपित सांगितलंत. मी दोन्ही फोडतोय. तो तुमच्यासाठी बिघडवतो, तुम्ही त्याच्यासाठी बांधता, मी तुम्हा दोघांसाठी मागवतो, आणि काठी हवीय कुणाला हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. काय म्हणावं आपल्या अकलेला! मला नको आहे. लांब काठीची मागणी आता मी मागे घेतो.

रागवा. पण एकमेकांवर नका रागवू, मी आहे ना त्यासाठी.

बारक्या


२५ सप्टेंबर

तुमचं पत्र पोचलं.

मोठ्याने वाचा म्हणालात, वाचलं. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे" इथपर्यंत आले आणि पुढचं यांनी माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. वाचताना कागदाचा फडफड आवाज होत होता. वाचून झाल्यावर हे आतल्या खोलीत गेले. त्या दिवसापासून आमच्यात पाणी दे आणि औषध घ्या, एवढंच बोलणं आहे.

कंबर मी बघितली. जबरदस्तीने बघितली. तळहाताएवढं हिरवं-जांभळं झालंय. नर्सच्या घरात नर्सपासून लपवलं! रागाने मी काय काय बोलले ते आता आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

तुम्हाला मी विश्वासाने लिहिलं होतं. तुम्ही ते चव्हाट्यावर मांडलंत, तेही आमच्याच घरात. शिरजोर कुठले! बरं केलंत का वाईट केलंत, मला कळत नाही, आणि आज ते ठरवायचं त्राण नाही. इतक्यात पत्र पाठवू नका.

वहिनी


२३ ऑक्टोबर

भाऊजी,

पाठवू नका म्हटलं तर खरंच पाठवलं नाहीत. इतकं शहाणपण तुमच्यात कुठून आलं?

टेबल रिकामं केलं. मी हात लावला नाही, यांनीच केलं. दोऱ्याची रिळं एका डब्यात, कड्या एका डब्यात, मोटर कपड्यात गुंडाळून. माझा दिवसभर जीव खालीवर होत होता, पण मी मदत केली नाही. लांब काठी मास्तरांनी उचलून नेली. त्यांच्या गच्चीवर ती कपडे वाळत घालायच्या कामी आलीय, आणि तुम्हाला सांगते, मला ती तशी बघून वाईट वाटायच्या ऐवजी हसू आलं. यांनाही आलं. पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडे बघितलं ते तेव्हा.

मग भांडलो. अगदी कडाडून. हे म्हणाले, "तू मला आंधळा समजलीस का? नळीला पट्ट्या बांधत होतीस!" मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?" हे म्हणाले, "तू का बोलली नाहीस?" मग म्हणाले, "पण तू गुणगुणायचीस." अहो, झोप लागू नये म्हणून मी वेढे मोजत होते, दुसरं काय! हे सांगितलं तेव्हा यांचा चेहरा असा पडला की मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. पण नाही. आता एकही लपवालपवी नको. मला तेवढी ताकद नाही.

दुपारी मी झोपते. झोपते म्हणजे मेल्यासारखी. पहिल्या आठवड्यात तर संध्याकाळ कधी झाली कळायचं नाही. हे खिडकीपाशी बसतात. काही करत नाहीत. सुरुवातीला मला भीती वाटायची, मागे मी भिंतीकडे बघायचे तसे हे आता बघतायत का. एकदा विचारलं, "काय चाललंय?" म्हणाले, "काही नाही. हात मांडीवर ठेवलेत. थरथरू देत त्यांना. किती दिवस दाबून धरले होते." मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

आणि आज सकाळचं सांगायचं म्हणून मुख्यतः हे पत्र. यांनी दाढी वाढवलीय हे तुम्हाला माहीत नसेल. वर्ष होत आलं. मी म्हणायचे, काय हे साधूसारखं, तर म्हणायचे, "आता कुणाला दाखवायचाय चेहरा." मला आपलं वाटायचं, म्हातारपणाचा चक्रमपणा. आज अंघोळीआधी मोरीच्या दारात स्टूल घेऊन बसले. गळ्याभोवती टॉवेल स्वतःच टाकलेला, अर्धा खाली लोंबत होता. मला हाक मारली आणि म्हणाले, "दाढी कर माझी. माझ्याने होत नाही. कधीपासून होत नाही."

भाऊजी, वॉर्डात मी ऑपरेशनच्या आधी किती माणसांच्या दाढ्या केल्या असतील! डोळे मिटून करायचे. आज आधी कात्रीने छाटून घेतली, साबण लावला, ब्लेड गालाला टेकवलं आणि माझा हात थांबेना. यांचा थरथरतो तसा थरथरायला लागला. रडत होते म्हणून असेल. हे मान वर करून तसेच बसून राहिले. हनुवटीपाशी थोडं कापलं. रक्त आलं. मी "अगं बाई" म्हणून टॉवेल दाबला, तर हे म्हणाले, "असू दे. दुसरी बाजू कर."

वहिनी